पंखाखालचा दांडा

प्रिय नास्तास्या,

आपण रस्ता नसलेल्या गावाची माणसं. तू, मी, एव्हनकाका, कुस्कोक्विम नदीच्या दोन्ही काठांवरची सगळी वस्ती. आपल्या सगळ्यांची एकच तक्रार आहे, आणि ती मी सभांमधून इतक्या वेळा मांडली आहे की आता गावातली कुत्रीसुद्धा माझा आवाज चढला की उठून दुसऱ्या अंगणात जाऊन झोपतात. आपलं विमान कधी उडावं आणि कधी उडू नये हे जे ठरवतात, त्यांच्या स्वतःच्या दारात मोटार उभी असते. त्यांचं विमान अडलं तर ते मोटारीनं जातात. आपलं अडलं तर हिवाळ्यात बर्फावरून जाता येतं, उन्हाळ्यात होडीनं. पण वसंतात नदीचं बर्फ फुटायला लागलं की त्यावर पाय ठेवता येत नाही आणि त्यातून होडीही घालता येत नाही. तेवढे दिवस गाव म्हणजे बेट. आणि सरकारी हुकमाची मुदत नेमकी त्याच दिवसांत संपते, कारण मुदत लिहिणाऱ्याच्या खिडकीतून कुठली नदी दिसत नाही.

हे भाषण नाही, घाबरू नकोस. तू म्हणायचीस, "दादा, तुझं पत्र बसून वाचलं तर उगाच अपमान केल्यासारखं वाटतं, उभं राहूनच वाचावं लागतं." आज बसून वाच. फोन मी बरेच केले, तू उचलत नाहीस. एकदा उचललास आणि माझ्या श्वासावरून ओळखून ठेवून दिलास. पत्राचं तसं नसतं. ते फाडलं तरी त्याआधी थोडं वाचलं जातंच. तू अँकरेजला विमानतळामागच्या गोदामात खोकी रचतेस, एवढं मला कळलं आहे. डोक्यावरून दिवसभर विमानं जातात आणि तू वर बघत नाहीस, हेही कळलं आहे. विमानदुरुस्तीच्या हत्यारांना हात लावायचा नाही असं तू ठरवलंस, त्याला आता वर्ष होत आलं. तुझं ते ठरवणं मोडायला मी लेखणी घेऊन बसलो आहे. सरळच सांगतो, आडवळण मला कधी जमलं नाही.

इकडची खबर अशी. पहिले हंस आले. बर्फ अजून धरून आहे, पण काठाला काळं पडायला लागलं आहे. एव्हनकाकांचे गुडघे गेले, पण जीभ शाबूत आहे. परवा चर्चमधून बाहेर पडताना पाद्र्यानं त्यांना विचारलं, अजून उडता का हो या वयात? काका म्हणाले, "विमानात गुडघ्यांचं काम नसतं, चालायला सांगू नका म्हणजे झालं." त्यांचं तेच लाल-पांढरं विमान, आपल्या गावातलं एकमेव. नवीन काही नाही. फक्त आता आपल्या म्हाताऱ्या बायका विमानात चढण्याआधी पंखाखाली वाकतात आणि त्या तिरप्या दांड्यावर बोटांनी टकटक करून बघतात. काय ऐकतात देव जाणे. पण टकटक केल्याशिवाय एकही पाय आत टाकत नाही. काका चिडतात. "ए म्हातारे, दार वाजवतेस काय, आत कोणी राहत नाही," म्हणतात. ती म्हणते, "कोणी राहत नाही ना, तेच बघते. गंज राहत असला तर?" हे तू त्यांना शिकवलंस. तुला ठाऊक नसेल, पण तूच शिकवलंस.

मी पुस्तकं वाचतो म्हणून तू आयुष्यभर माझी थट्टा केलीस. त्या पुस्तकांतलं एक तुला सांगतो. एके काळी इंग्लंडात मालक लोक जहाजं इतकी ठासून भरायचे की ती बंदरातून निघायची ती तळाशी जायलाच. मग संसदेत कोणीतरी घसा फाटेपर्यंत ओरडला आणि प्रत्येक जहाजाच्या अंगावर एक रेघ आली. पाणी त्या रेघेच्या वर चढलं की जहाज सुटायचं नाही. मालक म्हणाले, आमचा धंदा बुडाला. त्यांचा धंदा चालू राहिला, बुडणारी माणसं कमी झाली. ती रेघ रंगवणाऱ्या माणसाचं नाव मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. पण मी नेहमी विचार करतो की कधीतरी एखाद्या बंदरात कोणीतरी त्या रेघेपाशी उभा राहिला असेल, पाणी तिच्या वर गेलेलं बघितलं असेल, आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या आपल्याच माणसांना म्हणाला असेल, नाही. कायदा संसदेत होतो, पण तो उभा राहतो तो त्या माणसाच्या 'नाही'वर. आपल्या नदीवर तो माणूस तू होतीस.

मागच्या वसंतात तो हुकूम आला, त्या दिवसांकडे मला परत जायचं आहे. तुला जायचं नाही हे माहीत आहे, तरी चल माझ्याबरोबर. हुकूम साधाच होता. काकांचं आहे त्या जातीच्या जुन्या विमानांच्या पंखाखालचे दांडे टोचून बघायचे. दांडा पोकळ असतो, आत ओल धरते, ती खाली उतरून बुडाशी साचते आणि पोलाद आतून खात जाते. बाहेरून रंग कसा लखलखीत. म्हणून स्प्रिंगची टोचणी बुडापासून रेटत जायची, आणि जिथे पत्रा दबला, तिथे दांडा मेला. तो बदलल्याशिवाय विमान उडवायचं नाही. मुदत बर्फ फुटण्याच्या आठवड्यात संपत होती. अख्खा गाव तुला सांगत होता, बाई, बर्फ जाऊ दे, मग टोच. तू म्हणालीस, "गंजाला तुमचं बर्फ दिसत नाही." आणि शेडमध्ये गेलीस.

त्यानंतरचं घरोघरच्या बोलायच्या रेडिओवर झालं, आणि आपल्या गावात रेडिओवर झालेलं म्हणजे प्रत्येक चुलीपाशी झालेलं. मी शाळेत वर्गात होतो, तिथेही तो चालूच होता, पोरांनी गणितं सोडून कान दिले. काका घरून बोलत होते, "नास्तास्या, झालं का टोचून? लोक खोळंबलेत." तू म्हणालीस, "डावा पास. उजव्याला खड्डा पडला." काकांनी विचारलं, "केवढा खड्डा?" तू म्हणालीस, "काका, खड्डा म्हणजे खड्डा." मग ते चढले. "अगं, त्या दांड्यावर मी तुझ्या बापाला नेलंय, तुझ्या आईला बाळंतपणाला नेलंय. तू त्या दांड्याच्या भरवशावर जन्माला आलीस म्हण." तू क्षणभरही थांबली नाहीस. "म्हणूनच म्हणते, म्हातारा झालाय तो. तुमच्यासारखाच. फक्त तुम्हाला टोचायचा हुकूम अजून निघाला नाही." तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघरातून माझी ओलिंका मध्ये पडली, "वन्सं, तो हुकूम निघाला की मला कळवा, मी काकांना धरायला येते." आणि गावभर हशा पिकला. माझ्या वर्गातही पिकला. काकांनी रेडिओ बंद केला असेल असं वाटलं, पण नाही, थोड्या वेळानं त्यांचाच आवाज आला, "दोघींनाही या खेपेला सीलचं तेल मिळणार नाही."

मी शाळा सोडून शेडवर आलो तेव्हा तू दांडा उतरवला होतास. पंखाखाली इंधनाची पिंपं लावून त्याला आधार दिला होतास. काकाही काठी टेकत आले होते. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, ठेव तो त्या कोपऱ्यात, बर्फ गेल्यावर बघू. आणि तू करवत उचललीस. "काका, कोपऱ्यात ठेवलेली वस्तू परत हातात येते." एवढंच म्हणालीस आणि दांडा मधोमध कापून काढलास. तुझ्या कामाची तीच रीत आहे, मला नंतर कळलं. नापास झालेला भाग नुसता काढत नाहीत, कोणाला पुन्हा बसवता येऊ नये म्हणून मोडतात. पण तेव्हा ते बघताना काकांचा चेहरा असा झाला होता की जणू तू कुत्रं मारलंस. करवतीचा आवाज धावपट्टीच्या पार पलीकडे गेला. मग तू टपालाच्या विमानानं जवळच्या शहरात, बेथेलला गेलीस, नवा दांडा आणायला. दुसऱ्या दिवशी धुकं उतरलं.

पुढचं मी थोडक्यात सांगेन, कारण ते तुला माहीत आहे, आणि कारण ते लांबवण्याची ताकद माझ्यात अजून आलेली नाही. ओलिंकाच्या पोटात दुखायला लागलं. आधी ती म्हणाली, मेलं ते जुनं चरबीचं अकुताक बाधलं असेल. मग ताप चढला. दवाखान्यातल्या आरोग्यसेविकेनं बेथेलच्या डॉक्टरांशी बोलून सांगितलं, आंत्रपुच्छ आहे, फुटलं असावं, आजच हलवा. बेथेलला आकाश मोकळं होतं, आपल्याकडे धुकं. हेलिकॉप्टर निघालं आणि परत फिरलं. दुपारी धुकं उठलं. नदीच्या पलीकडची झाडं दिसायला लागली. तेवढ्या वेळात इथून एक विमान उडालं असतं तर बेथेलला पोचलं असतं. इथे एक विमान होतं. त्याचा एक पंख पिंपांवर टेकलेला होता. मी धावत शेडवर गेलो, तर काका तिथे आधीच होते. त्यांच्या हातात दांड्याचे दोन तुकडे होते आणि ते त्यांची तोंडं एकमेकांना लावून बघत होते. मला बघून त्यांनी ते खाली ठेवले. तू नवा दांडा आणि नर्स घेऊन निघालीस तोवर धुकं परत उतरलं. तुमचं विमान वर घिरट्या घालत होतं, खाली अख्खा गाव आवाज ऐकत उभा होता, दिसत काही नव्हतं. मग आवाज लांब गेला. सकाळी तुम्ही उतरलात तेव्हा तिला जाऊन बराच वेळ झाला होता.

तू घराकडे आली नाहीस. शेडमध्ये गेलीस. नवा दांडा बसवलास, आवळलास, पुन्हा पुन्हा तपासलास, सही केलीस, काकांना बळंच आत बसवून स्वतः शेजारी बसलीस आणि गावावरून एक फेरी मारून आलीस. खाली आम्ही शवपेटीसाठी फळ्या तासत होतो. उतरून तू माझ्यापाशी आलीस आणि म्हणालीस, "दादा, विमान चांगलं आहे." मूठमाती झाली आणि तू टपालाच्या विमानात बसून गेलीस. तुझा हात त्या दिवशी थरथरला नाही, याबद्दल गावात काय काय बोललं गेलं ते तुझ्या कानावर गेलंच असेल. दगड आहे, म्हणाले. मी तेव्हाच म्हणालो होतो आणि आजही म्हणतो: ज्या हातानं त्या दिवशी तो नट बरोबर जेवढा आवळायचा तेवढाच आवळला, त्याहून प्रेमळ हात मी पाहिला नाही. रडणारे हात त्या दिवशी गावात भरपूर होते. त्यातल्या एकावरही भरवसा ठेवून कोणी उडालं नसतं.

आता ज्यासाठी तू फोन ठेवून देतेस ते बोलतो. लोकांनी विचारलं, नुसता काढून ठेवला असता तर काय बिघडलं असतं? कापायचा कशाला? तूही स्वतःला रोज हेच विचारत असशील, खोकी रचता रचता. मी तुला खोटा दिलासा देणार नाही, तुझ्या भावाला तेवढी तरी लाज आहे. ती कशानंही वाचली नसती, असं मी म्हणणार नाही. त्या दुपारी पोचली असती तर कदाचित वाचली असती. तो दांडाही कदाचित आणखी एकदा टिकला असता. मी त्या तुकड्याच्या तोंडात अंगठा घालून बघितला आहे. आतून वाळल्या माशाच्या सालीसारखे पापुद्रे सुटतात, आणि एके ठिकाणी अंगठ्यानं दाबलं तर पत्रा आत जातो. पण टिकला असता की नसता हे कोणी सांगू शकत नाही. तू नाही, मी नाही, तो हुकूम लिहिणारा माणूसही नाही.

मला जे माहीत आहे ते एवढंच. तो दांडा कोपऱ्यात अखंड पडलेला असता, तर त्या दुपारी मी तो बसवला असता. मी. गावाचा पुढारी, पोरांना शिकवणारा, सभांमधून कायद्यावर बोलणारा. काकांनी बोल्ट धरले असते, मी पाना फिरवला असता, आणि ओलिंकाला, आरोग्यसेविकेला आणि काकांना त्यात घालून वर पाठवलं असतं. दुसरं काही केलंच नसतं. तू आम्हाला ओळखत होतीस. आपल्या माणसांवर प्रेम करणारे कोणीही ते करतील हे तुला आधीपासून माहीत होतं, आणि म्हणून तू तो दांडा आमच्या प्रेमाच्या हाती लागू दिला नाहीस. लोक म्हणतात तुला माणसांपेक्षा कायदा मोठा. मूर्ख आहेत. तुझ्याइतकं माणसांना ओळखणारं या नदीवर दुसरं कोणी नाही.

आणि एक गोष्ट तुला माहीतच नाही, कारण तू घरात आली नाहीस आणि मला ती फोनवर सांगता आली नाही. मी शेडवरून परत आलो तेव्हा ओलिंकानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं मी कुठे जाऊन आलो ते. ती हसली. त्या अवस्थेत. म्हणाली, "बरं झालं वन्संनी कापला. नाहीतर तुम्ही मला त्या खटाऱ्यात कोंबलं असतं, आणि वरून पडले असते तर काकांच्या नातवंडांनी जन्मभर माझ्या नावानं बोटं मोडली असती." मी म्हणालो, गप्प पड. ती म्हणाली, "मरायचं तर आपल्या अंथरुणात मरीन, दुसऱ्याचा म्हातारा बरोबर नेणार नाही." मग वर तुमच्या विमानाचा आवाज आला आणि ती डोळे मिटून ऐकत राहिली. "वन्संच आहेत," म्हणाली. "पायलटला शिव्या घालत असतील, उतर म्हणून." आवाज लांब गेल्यावर म्हणाली, "नाही, उतरू नका म्हणत असतील." हे तिचं तुझ्याबद्दलचं शेवटचं बोलणं. मी त्यात एक शब्द घातलेला नाही आणि एक गाळलेला नाही.

पानगळीत मी अँकरेजला सुनावणीत उभा राहिलो. खेड्यांचे पुढारी काय म्हणतात ते ऐकायला सरकारनं बोलावलं होतं. समोर बसलेल्यांना वाटलं हा रडगाणं गाणार, मुदत वाढवा म्हणणार, आमच्यापुरतं ढिलं करा म्हणणार. माझ्या आधीचे चौघं तेच बोलले. मी म्हणालो, एक अक्षर ढिलं करू नका. तपासणी होईल तेवढी कडक ठेवा. पण ज्या दिवशी हुकमावर सही कराल त्या दिवशी दांडे आमच्याकडे पाठवा. कागद पोचतो आणि पोलाद पोचत नाही, त्या फटीत आमची माणसं मरतात. नापास म्हणायला आमच्याकडे एक बाई होती जी कोणाच्या बापाला घाबरत नव्हती. तिच्या पाठीमागे सुट्या भागांची एक भरलेली फळी असती तर ती आज आमच्यात असती. तिथल्या एका साहेबानं, चांगला माणूस होता, हळूच विचारलं, या प्रकरणात तुमचं घरचं कोणी होतं का? मी म्हणालो, दोघी. सरकारनं अजून काही केलेलं नाही, पण नदीकाठच्या गावांनी मिळून बेथेलच्या शेडमध्ये एक फळी भरली आहे. दांडे, बोल्ट, शेपटीचे ब्रॅकेट. हिवाळ्यात काका स्वतः जाऊन ती बघून आले आणि गावभर सांगत सुटले की आपल्या नास्तास्याची फळी आहे ती. तुझ्या नावाची पाटी कोणी लावलेली नाही. सगळे तेच म्हणतात, एवढंच.

आता हे पत्र आजच का लिहिलं ते सांगतो. काकांच्या नातीला, पारास्काला, ऐन थंडीत मुलगी झाली. आपल्यात गेलेल्या माणसाचं नाव पुढच्या जन्मणाऱ्या लेकराला देतात आणि मग त्या माणसाच्या नात्यानंच त्याला हाक मारतात. पारास्कानं मला विचारलंसुद्धा नाही, पाण्याचे थेंब शिंपडून मोकळी झाली. मिक्नायाक. तुझ्या वहिनीचं आपल्या बोलीतलं नाव. पहिल्या दिवशी मी दारातच उभा राहिलो, आत जाववेना. पारास्का आतून ओरडली, "वासिलीकाका, या आत, तुमच्या बायकोनं माझ्यावर दोनदा ओकून ठेवलंय, आता तुम्ही धरा." तेव्हापासून मी रोज जातो. लोक तिच्यासाठी मासा आणतात, मऊ कातडी आणतात, ती सगळ्यांकडे ओलिंकासारखीच एक भुवई वर करून बघते, किंवा मला तसं वाटतं. पण तिच्या काळजात एक छिद्र आहे, नास्तास्या. ओठ निळे पडतात. अँकरेजच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली आहे आणि ती बर्फ फुटण्याच्या दिवसांतली आहे. त्याच्या आधी नवा हुकूम आला आहे, शेपटीच्या सांध्यावर रंग लावून भेग शोधायचा, आणि डाव्या दांड्याचीही पुन्हा टोचायची पाळी आली आहे. बेथेलहून दुसरा मेकॅनिक येऊ शकतो. माणूस चांगला आहे, हुशार आहे. पण त्याला ती पोर दिसेल, तिचे ओठ दिसतील, दारात उभे आम्ही सगळे दिसू, आणि टोचणी रेटताना त्याचा हात हलका पडेल. त्याचा दोष नसेल, माझाही पडला असता. तुझा पडणार नाही. काकांनी काल रेडिओवर, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, "माझ्या पणतीला मी नास्तास्याच्या सहीशिवाय उचलणार नाही. ती नाही म्हणाली तर खालीच बसेन." कोणी उलटून बोललं नाही. पारास्काही नाही. म्हणून मागतो आहे, आणि या एका गोष्टीखेरीज दुसरं काही मागत नाही: येत्या सोमवारच्या टपालाच्या विमानानं ये आणि विमान तपास. पास असेल तर सही कर. नापास असेल, तर आमच्या कोणाच्याही तोंडाकडे बघू नकोस, तुझ्या वहिनीच्याही नाही, करवत उचल आणि काप.

तुझाच,
वासिलीदादा